थंब मशीनच्या डेमोत आमच्या मावशींचं बोटच लागलं नाही. गेटला लावावं का?

लॅबवाली:

नमस्कार मंडळी. मी एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबची इन-चार्ज आहे. कुलपं, कॅमेरे, मशिनं हा माझा प्रांत नाही. पण सुरक्षा समितीच्या मीटिंगमध्ये एकदाच तोंड उघडलं, "केमिकल स्टोअरच्या पाच किल्ल्यांपैकी पाचवी कोणाकडे आहे?" एवढंच विचारलं, आणि विचारणारीच्याच गळ्यात काम पडलं. (पाचवी किल्ली तीन वर्षांत कुणाला सापडलेली नाही. कुलूपही बदललेलं नाही.)

आता प्रस्ताव असा आहे की मेन गेट, हॉस्टेल, लायब्ररी, केमिकल स्टोअर, सर्व्हर रूम, सगळीकडे बोटाच्या ठशावर चालणारी मशिनं लावायची. विद्यार्थी आणि स्टाफ धरून २८०० माणसं. कार्ड नको, किल्ली नको, नुसतं बोट.

गेल्या आठवड्यात डेमो झाला. विक्रेत्याने टेबलावर मशीन मांडलं, स्वतःचं बोट लावलं. हिरवा दिवा, टिंग. पुन्हा लावलं, पुन्हा टिंग. समिती खूश. मग मी लावलं. माझं तिसऱ्या खेपेला लागलं. १९ वर्षं आम्लं, ॲसिटोन आणि दिवसातून वीसदा हात धुणं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. तेवढ्यात लॅबची सफाई करणाऱ्या मावशी बादली घेऊन चालल्या होत्या, त्यांना बोलावलं. स्टोअरमध्ये रोज सकाळी सगळ्यात आधी त्याच जातात.

अंगठा लावला. मशीनमधली बाई म्हणाली, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." तर्जनी लावली. "कृपया पुन्हा प्रयत्न करा." मग पदराला पुसून, मग दुसऱ्या हाताचं, मग फुंकर मारून. मी मोजत होते, ११ वेळा. विक्रेता म्हणत होता, "दाबा मावशी, अजून दाबा." शेवटी मावशींनी बोट काचेवरून उचललं, स्वतःच्या डोळ्यांसमोर धरलं आणि मला विचारलं, "मॅडम, माझं बोट माझं नाही का?"

विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: "असे दोन-चार निघतातच, त्यांना कार्ड देऊन टाकू." मग कार्ड नकोच असं म्हणून आपण सुरुवात कशाला केली, हे मी विचारलं नाही. आधीच एक काम गळ्यात पडलेलं आहे.

तर विचारायचं हे की २८०० जणांना मेन गेटवर नुसत्या बोटावर सोडणं कितपत शहाणपणाचं आहे? विक्रेता छातीठोकपणे सांगतो की "मशीन ठसा साठवतच नाही, फक्त आकडे साठवतं, त्यावरून ठसा परत कुणाच्या बापाला बनवता येत नाही." हे खरं का? आणि पुढच्या डेमोत मी नक्की काय बघू? ज्यांनी स्वतः बसवलंय किंवा वापरलंय त्यांनी सांगा. जाहिरातीचं पत्रक माझ्याकडे आहे.


कुलूपकिल्ली:

मॅडम, १४ वर्षं हेच काम करतोय, आता बसवण्यापेक्षा दुसऱ्याने बसवलेलं दुरुस्त करण्याचं जास्त. मुद्द्याचं लिहितो.

आधी मावशी. डेमोला आणलेलं मशीन बहुतेक साधं ऑप्टिकल असणार. त्यात काचेच्या खालून प्रकाश मारतात. जिथे कातडीची रेघ काचेला टेकते तिथे प्रकाश परत फिरत नाही, दोन रेघांमधल्या खोलगट जागेतून मात्र पूर्ण परत येतो, आणि त्यातून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं चित्र तयार होतं. आता रेघाच झिजलेल्या, कातडी कोरडी, बारीक भेगा पडलेल्या, तर नीट टेकणार काय? सफाई कामगार, गवंडी, माळी, लॅबवाले आणि म्हातारी माणसं, आमच्या तक्रारवहीत हेच गिऱ्हाईक. दाबायला सांगणं हा उपाय नव्हे. दाबलं की रेघा पसरून एकमेकींत मिसळतात, चित्र अजून बिघडतं.

मल्टिस्पेक्ट्रल नावाचे सेन्सर असतात. ते वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश कातडीच्या आतवर पाठवतात. वरची रेघ झिजली तरी तिचा पाया आतल्या थरात असतो, तो त्यांना दिसतो. महाग असतात म्हणून डेमोला आणत नाहीत. तुम्ही मागा. आणि अंगठा-तर्जनीचा हट्ट सोडा, कारण सगळ्यात जास्त घासतात तीच. कमी वापराच्या हाताची अनामिका, करंगळी लावून बघा.

आता जे पत्रकात कधीच नसतं ते.

बोट म्हणजे कुलूप नव्हे. दार उघडतो तो रिले, म्हणजे एक बारकं इलेक्ट्रिक बटण. स्वस्त मशीनमध्ये हा रिले मशीनच्याच पोटात असतो, आणि मशीन कुठे असतं? दाराच्या बाहेर, भिंतीवर, दोन स्क्रूंवर. ज्याला आत जायचंय त्याने बोट कशाला लावायचं? मशीन भिंतीवरून उतरवायचं. इलेक्ट्रिक स्ट्राइक (चौकटीतली, विजेवर सुटणारी खिट्टी) असेल तर मागच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या की दार उघडतं, चुंबकी कुलूप असेल तर वायर तोडली तरी पुरतं. मी स्वतः गिऱ्हाइकासमोर करून दाखवलंय, मिनिटभर लागत नाही. म्हणून बाहेर फक्त रीडर हवा, निर्णय घेणारा कंट्रोलर आणि रिले दोन्ही आतल्या बाजूला, पेटीत. त्या दोघांमधली तार कुठल्या भाषेत बोलते तेही विचारा. वायगँड नावाची जुनी पद्धत असेल तर तारेतून जाणारा आकडा उघडा जातो, कुणी मध्ये चिमटा लावून टिपला तर तोच पुन्हा पाठवता येतो. ओएसडीपी नावाची नवी पद्धत असेल आणि तिचं सिक्युअर चॅनल चालू केलेलं असेल तर ते सांकेतिक होतं. चालू केलेलं, हे नीट ऐका. मशीनमध्ये सोय असते आणि बसवणारा आळसाने बंद ठेवतो, असं पुष्कळदा बघितलंय.

मेन गेटचं दुखणं वेगळंच आहे. एकाने बोट लावायचं आणि मागून चौघांनी घुसायचं. दार साधं असेल तर जगातला कुठलाही सेन्सर यावर काही करू शकत नाही. तिथे एका वेळी एकच जाईल असा फिरता दांडा पाहिजे आणि शेजारी जागा असलेला वॉचमन पाहिजे. एका हॉस्टेलचं काम होतं, नाव घेत नाही. पुढच्या दाराला झकास मशीन. मागच्या दाराला पण मशीन, निळा दिवा लखलखतोय, आणि दाराच्या फटीत वीट. वीट बरेच दिवसांची असावी, खालच्या फरशीवर तिचा लाल चौकोन उमटला होता. दार किती वेळ उघडं राहिलं हे सांगणारा एक छोटा चुंबकी सेन्सर चौकटीवर लागतो, तो कुणी लावलाच नव्हता.

हॉस्टेलबद्दल अजून एक. आत जायला काय हवं ते लावा, पण बाहेर पडायला बोट लागता कामा नये. आग लागली तर पोरं रांगेत बोटं लावत उभी राहणार का? फायर अलार्म वाजला की सुटकेच्या वाटेवरची कुलपं आपोआप सुटली पाहिजेत. चुंबकी कुलूप वीज गेली की सुटतंच, म्हणून त्याला बॅटरी लागते, नाहीतर रात्री लाईट गेली की सगळं आवार मोकळं.


गणिती घुबड:

वरच्या दादांनी दाराचं सांगितलं, मी आकड्यांचं सांगतो, कारण "२८०० माणसं आणि नुसतं बोट" वाचून माझी झोप उडाली.

मशीन दोन प्रकारे काम करतं. एक, तुम्ही आधी सांगता मी अमुक (कार्ड दाखवून किंवा नंबर दाबून) आणि मशीन फक्त त्या एका नोंदीशी बोट जुळवतं. दोन, तुम्ही काहीच सांगत नाही आणि मशीन तुमचं बोट सगळ्या नोंदींशी ताडून बघतं. विक्रेता तुम्हाला दुसरा विकतोय आणि पत्रकावरची अचूकता पहिल्याची दाखवतोय.

समजा पत्रकात लिहिलंय की परक्या माणसाचं बोट चुकून जुळण्याची शक्यता १०,००० त १. ऐकायला भारी वाटतं. पण बाहेरचा कुणी गेटवर बोट ठेवतो तेव्हा मशीन २८०० वेळा ताडून बघतं, म्हणजे चुकायच्या २८०० संधी. हिशोब केला तर कुणाच्या ना कुणाच्या नावावर त्याला दार उघडण्याची शक्यता २४ टक्के येते. प्रत्येकाची दोन बोटं नोंदवली, जी नोंदवायलाच हवीत, तर ५६०० संधी आणि ४३ टक्के. (प्रत्येक ताडणी स्वतंत्र धरली आहे. प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होईल, पण चित्र हेच.) १० लाखांत १ वालं मशीन घेतलंत तर ५६०० नोंदींवरही अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतं, ते ठीक. पण तेवढं कडक केलं की खऱ्या माणसांना नाकारण्याचं प्रमाण वाढतं. ही दोन टोकं एकाच स्क्रूवर आहेत, एक घट्ट केलं की दुसरं सैल. विक्रेत्याला दोन्ही आकडे एकाच सेटिंगवरचे मागा. बहुतेक पत्रकांत पहिला एका सेटिंगचा आणि दुसरा भलत्याच सेटिंगचा छापलेला असतो.

आणि रांग. पहिल्या तासाला ६०० मुलं आली आणि एकेकाला ४ सेकंद लागले तर एका मशीनवर ४० मिनिटं. त्यात ११ वेळा प्रयत्न करणारं कुणी आलं की मागच्यांचा आवाज येईलच. मग वॉचमन गेट सताड उघडं टाकतो. त्यालाही दोष देता येत नाही.

"आकड्यांवरून ठसा बनत नाही" हे मात्र चूक, आणि ते चूक आहे हे जुनं झालं. मशीन ठशातल्या खुणा साठवतं, म्हणजे रेघ कुठे संपते, कुठे एकीच्या दोन होतात, त्या जागा आणि त्यांचे कोन. २००७ मध्ये बोलोन्या विद्यापीठातल्या संशोधकांनी (कापेल्ली आणि सहकारी) अशा प्रमाणित नोंदींवरून ठशाचं चित्र परत तयार करून दाखवलं, आणि ठसे जुळवणाऱ्या प्रणाली त्याला फसल्या. त्याही आधी २००२ मध्ये जपानात मात्सुमोतो यांच्या गटाने जिलेटिनची बोटं बनवून ११ मशिनं तपासली होती आणि त्या बोटांनी ती फसवली. म्हणून सेन्सरला जिवंत बोट ओळखता येतं का, आणि ती चाचणी आयएसओ ३०१०७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दुसऱ्या कुणी केलीय का, हे विचारा.

साठवणीची भीती काल्पनिक नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी कर्मचारी कार्यालयातून ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेले. पासवर्ड गेला तर बदलता येतो. बोटं दहाच. सोपी वाट अशी की ठशाची नोंद मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवूच नका, ज्याच्या त्याच्या कार्डाच्या चिपमध्ये ठेवा. दाराशी कार्ड आणि बोट एकमेकांशी जुळवायचं. चोराला एका ठिकाणी २८०० बोटं मिळतच नाहीत, आणि वरचा २४ टक्क्यांचा प्रश्नही मिटतो.


पाठीमागचा पाहुणा:

एवढं सगळं करण्यापेक्षा चेहरा ओळखणारं लावा ना. हात लावायचीच भानगड नाही.


गणिती घुबड:

पाहुणे, २८०० त १ शोधायचं गणित चेहऱ्यालाही तेच लागतं. शिवाय बोट निदान माणूस स्वतः पुढे करतो. चेहरा लांबून, न विचारता घेता येतो. हा धागा मावशींच्या बोटाचा आहे, तिकडे नको जायला.


खोली नं २१४:

मी विद्यार्थिनी आहे आणि आमच्या हॉस्टेलला हे मशीन दोन वर्षांपासून आहे. त्यामुळे वापरणाऱ्यांच्या बाजूने.

पहिलं म्हणजे आम्हाला कुणी विचारलं नाही. नोंदणीच्या दिवशी रांगेत उभं केलं, "दोन्ही हातांची बोटं ठेव, पुढची." ठसा कुठे जातो, कोण बघतं, कॉलेज सोडल्यावर पुसतात का, काही नाही. माझ्या आधीच्या बॅचची एक ताई पास होऊन गेली, वर्षभराने सामान न्यायला आली आणि गंमत म्हणून बोट लावलं तर टिंग! दार उघडलं. आम्ही हसलो, पण नंतर रात्री मला ते जरा विचित्रच वाटलं.

दुसरं, मशीन लावताना सांगितलं होतं सुरक्षेसाठी. चार महिन्यांत त्याच नोंदींवरून कोण किती वाजता आलं याची यादी घरी जायला लागली. मी वेळेतच येते हो, प्रश्न तो नाही. ज्या कामासाठी बोट घेतलं त्या कामापुरतंच वापरायचं ना? इंग्लंडमध्ये २०१२ चा कायदा आहे, त्यात शाळेला १८ वर्षांखालच्या मुलांचे ठसे वापरायचे असतील तर पालकांची लेखी संमती लागते, मुलाने नाही म्हटलं तर तेच अंतिम, आणि नाही म्हणणाऱ्याला दुसरी सोय द्यावी लागते. असेंब्लीत विषय होता म्हणून वाचलं होतं. आम्ही १८ च्या पुढच्या, म्हणजे आमची स्वतःची संमती तरी नको का?

तिसरं. प्रॅक्टिकलला गरम काच पकडली आणि तर्जनीला फोड आला. दुसरं बोट नोंदवलेलं होतं म्हणे, पण कुठलं ते मला आठवेना आणि सिस्टीमलाही. दोन रात्री रेक्टर मॅडमना फोन करून उठवलं. तिसऱ्या रात्री त्यांनी दार उघडंच ठेवलं. वीट नव्हती, कुंडी होती.

पण खोटं बोलणार नाही. आधी कार्ड होतं तेव्हा आम्ही ती फिरवायचो. एकीचं कार्ड खिडकीतून खाली टाकायचं, दुसरी वर यायची. बोट खिडकीतून टाकता येत नाही, हेही खरं.


लॅबवाली:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. २१४, तुझी कुंडी आणि दादांची वीट, दोन्ही मी समितीत जशीच्या तशी सांगितली. आकड्यांपेक्षा त्यांचाच परिणाम जास्त झाला.

आता मी लेखी दिलंय ते असं. मेन गेटला कार्ड, फिरता दांडा आणि वॉचमन, बोट नाही. लायब्ररीला कार्डच. हॉस्टेलचा निर्णय मुलींशी बोलून, तोवर थांबायचं. बोट फक्त केमिकल स्टोअर आणि सर्व्हर रूमला, कार्डाच्या जोडीने, ठशाची नोंद कार्डातच. स्टोअरमध्ये जाणारी आम्ही माणसं मोजून २३. नोकरी सोडणाऱ्याचं कार्ड त्याच दिवशी बंद, आणि ते कोण करणार त्याचं पद कागदावर. (माझंच. अपेक्षा होतीच.)

आणि मावशी. त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून काल काम संपल्यावर त्यांना लॅबमध्ये बसवलं. स्टॅम्प पॅडची शाई, कोरा कागद, दहाही बोटांचे ठसे घेतले आणि कागद एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला, सगळ्यात कमी भिंगावर. उजवा अंगठा म्हणजे नुसता जांभळा डाग, त्यात आडव्या-तिडव्या पांढऱ्या भेगा, रेघ अशी सापडेना. उजव्या तर्जनीवर कडेला चार-पाच तुटक रेघा, मधे सपाट. डावा अंगठाही तसाच. मशीनला मी उगाच नावं ठेवत होते, तिथे वाचायला काही उरलंच नव्हतं. पण डावी अनामिका सरकवली आणि मी "अगं बाई!" म्हटलं. पूर्ण चक्र. मधल्या ठिपक्यापासून बाहेरपर्यंत एकेक रेघ मोजता येईल अशी. मावशींना स्टुलावर बसवून दाखवलं. बराच वेळ डोळा लावून बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आहे."

दादा, दोन शंका राहिल्या. स्टोअरमधून बाहेर पडायला विक्रेता हालचाल ओळखणारा सेन्सर सुचवतोय, जवळ गेलं की दार आपोआप सुटतं. चालेल? आणि आमच्या स्टोअरमध्ये आम्लांच्या वाफा असतात, त्याचं काय? पुढचा डेमो गुरुवारी आहे. पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर टाकून ठेवलाय.


कुलूपकिल्ली:

हालचालीचा सेन्सर नको. दाराच्या फटीतून बाहेरून कागद सरकवून हलवला तरी तो कधीकधी सुटतो. आतून साधं हँडल द्या, फिरवलं की दार उघडलं, त्याला वीज लागत नाही आणि घाबरलेल्या माणसालाही शिकवावं लागत नाही.

वाफांमुळे कंट्रोलरची पेटी स्टोअरमध्ये अजिबात नको. वर्षाच्या आत सर्किटवर हिरवट बुरशीसारखं चढतं, तांबं खाल्लेलं. शेजारच्या कोरड्या खोलीत घ्या, कुलूप लावून. रीडर बाहेर पॅसेजमध्ये, पण समोर खिडकी असेल तर उन्हाची तिरीप काचेवर पडणार नाही असा. ऊन पडलं की ऑप्टिकल सेन्सर आंधळा होतो.

मशीन हातात आल्यावर पहिली गोष्ट, ॲडमिन नोंदवा आणि कारखान्याचा पासवर्ड बदला. ॲडमिनच नसेल तर मेनूचं बटण दाबणारा कुणीही स्वतःचं बोट घालून जातो.

आणि गुरुवारी मावशींना हात धुवून, पुसून, आराम करून नका आणू. फरशी पुसून झाल्या झाल्या, बादली हातात असतानाच बोलवा, रोज त्या तशाच येणार आहेत. डाव्या अनामिकेसोबत एखादी करंगळीही नोंदवा, ती फोड येऊन बसली तर दुसरी हवी. बोट टोकाने टेकवू देऊ नका, तुम्ही पाहिलेला मधला ठिपका काचेच्या मधोमध आला पाहिजे. हलकेच, पण पूर्ण. तीनदा घ्या, आणि कुठली दोन बोटं नोंदवली ते कार्डाच्या मागे पेनाने लिहून ठेवा.